चालू आर्थिक प्रश्न कसे अभ्यासायचे: बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातल्या विद्यार्थ्यांसाठी

बीएला ‘चालू आर्थिक प्रश्न’ किंवा ‘विकासाचं अर्थशास्त्र’ हा पेपर लागला की बहुतेक जण आधी गाईड शोधतात. गाईडातली व्याख्या चालते, आकडा मात्र चालत नाही. तो छापून हातात येईपर्यंत शिळा झालेला असतो. शिवाय महागाई, बेरोजगारी, व्यापार, मानव विकास असे धडे सुटे सुटे पाठ केले की ते एकमेकांत कुठे गुंततात तेच दिसत नाही.

या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांकडे मात्र एक मोठी सोय आहे. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे ऊस तोच, माती तीच, सोयरीकही तीच, पण सरकारं दोन. एकाच परिस्थितीत दोन धोरणं काय करतात हे पाहायला अर्थशास्त्रज्ञ कुठून कुठून उदाहरणं शोधतात. इथे ती एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावर आहेत. ती वापरायची कशी, ते खाली पायरीपायरीने दिलं आहे. रोज पाऊण तास दिला तर महिनाभरात पाया पक्का होतो.

पहिली पायरी: आकड्यांची वही

दोनशे पानी वही घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख, आकडा, एकक, कोणत्या काळाचा, कोणी जाहीर केला. नमुन्याची नोंद अशी: रेपो दर, 5.25, टक्के, डिसेंबर 2025 च्या बैठकीनंतर, रिझर्व्ह बँक. (रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने इतर बँकांना थोड्या मुदतीचं कर्ज देते, तो रेपो दर.) पाचांतला एक रकाना जरी रिकामा राहिला तरी तो आकडा उत्तरात वापरू नका. चौथा रकाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा राहतो, आणि गोंधळही तिथेच होतो. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, साखरेचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, जागतिक बँकेचं वर्ष जुलै ते जून, आणि बऱ्याच देशांची आकडेवारी जानेवारी ते डिसेंबर. ‘2025 ची वाढ’ असं नुसतं लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही.

एककांचं कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. 1 दशलक्ष म्हणजे 10 लाख, 1 अब्ज म्हणजे 100 कोटी, 1 ट्रिलियन म्हणजे 1 लाख कोटी. 1 टन म्हणजे 10 क्विंटल म्हणजे 2,204.6 पौंड. आणखी एक नेहमीची चूक टक्के आणि टक्केबिंदू यांतली. रेपो 6.50 वरून 5.25 वर आला म्हणजे तो 1.25 टक्क्यांनी घटला असं म्हणायचं नाही. तो 1.25 टक्केबिंदूंनी घटला. टक्क्यांत मोजली तर घट 19 टक्क्यांहून जास्त भरते.

दुसरी पायरी: एक वस्तू धरा आणि शेवटपर्यंत जा

सगळे विषय एकदम घेऊ नका. आपल्या भागातली एकच वस्तू निवडा. निपाणीकडच्यांना तंबाखू घेता येईल, बैलहोंगलकडे सोयाबीन, बेळगाव शहरात फौंड्रीचं कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेला भाग. पण सुरुवातीला ऊसच घ्या, असं आमचं ठाम मत आहे. किंमत नियंत्रण, सहकार, जागतिक बाजार, इंधन धोरण आणि दोन राज्यांतली चढाओढ हे सगळं एका पिकात सापडतं, आणि बिल घरात किंवा शेजारी बघायला मिळतं.

आधी एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार तो ठरवतं. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला (उसाच्या वजनाच्या जितके टक्के साखर निघते तो उतारा) क्विंटलला 355 रुपये ठरला. उतारा 0.1 ने वाढला की 3.46 रुपये वाढतात, 0.1 ने घटला की तेवढेच कमी होतात. पण 9.5 टक्क्यांच्या खाली उतारा गेला तरी दर 329.05 रुपयांखाली जात नाही. हा तळाचा आकडा स्वतः काढून बघा: 10.25 वजा 9.5 म्हणजे 0.75, म्हणजे साडेसात वेळा 3.46, म्हणजे 25.95, आणि ते 355 मधून वजा. जुळलं की सूत्र समजलं.

आता 11.25 टक्के उतारा धरा. 355 मध्ये दहा वेळा 3.46 मिळवले की 389.60 रुपये क्विंटल, म्हणजे टनाला 3,896 रुपये. हा दर कारखान्याच्या दारातला आहे. तोडणी-वाहतूक त्यातून कापली जाते. उदाहरणापुरती ती टनाला 800 रुपये धरली तर शेतकऱ्याच्या हातात 3,096 येतात. 10.25 उताऱ्याला हेच गणित 3,550 वजा 800, म्हणजे 2,750.

हे गणित कळलं नाही तर बातमीही कळत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादकांनी टनाला 3,500 रुपयांच्या मागणीसाठी आंदोलन केलं. एफआरपी 3,550 असताना 3,500 साठी रस्त्यावर का उतरायचं, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर असं, की मागणी तोडणी-वाहतूक वगळून हातात येणाऱ्या पैशांची होती. शेवटी 3,300 रुपयांवर तोडगा निघाला. त्यात आधीच्या 3,200 च्या वर 50 रुपये कारखान्यांनी आणि 50 रुपये राज्य सरकारने घालायचे ठरले. दोन दरांची तुलना करताना दोन्ही दारातले आहेत की दोन्ही हातातले, हे आधी बघा. उतारा कोणत्या हंगामाचा धरला आहे, तेही विचारा.

कारखान्याची बाजूही मांडा, नाहीतर उत्तर एकतर्फी होतं. 11.25 उताऱ्याला टन उसातून 112.5 किलो साखर निघते. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाला, आणि 2025-26 चा हंगाम सुरू झाला तेव्हाही तो तेवढाच होता. त्या दराने 112.5 किलोचे 3,487 रुपये होतात, म्हणजे उसाच्या दरापेक्षाही कमी. प्रत्यक्ष बाजारात साखर त्याहून महाग विकली जाते, शिवाय मळी, बगॅस (उसाचं चिपाड) आणि इथेनॉलचं उत्पन्न असतं. 38 रुपये किलो धरले तर नुसत्या साखरेचे 4,275 होतात. यातून गाळपाचा खर्च, व्याज आणि पगार निघायचे असतात. कारखाना उधारीवर का राहतो ते या दोन ओळींतून दिसतं. नियमाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर थकबाकीवर वर्षाला 15 टक्के व्याज लागतं.

जुन्या आणि नव्या एफआरपीची तुलना करताना अनेक जण फसतात. 2019-20 मधले 275 रुपये 10 टक्के उताऱ्याला होते. 2022-23 पासून पायाच 10.25 वर गेला. त्यामुळे ‘275 वरून 355, म्हणजे 29 टक्के वाढ’ हे गणित चुकीचं आहे. आजच्या सूत्राने 10 टक्के उताऱ्याचा दर काढा: 355 वजा अडीच वेळा 3.46, म्हणजे 346.35. खरी वाढ 26 टक्क्यांच्या आसपास येते.

इथून जगाकडे जा. कच्च्या साखरेचा जागतिक भाव न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात पौंडाला किती सेंट, असा सांगतात. समजा भाव 18 सेंट आहे. 18 ला 22.046 ने गुणलं की टनाला 396.8 डॉलर. डॉलर 88 रुपये धरला तर किलोला साधारण 34.90 रुपये. देशातला कारखान्याचा भाव याहून वर असेल तर निर्यात परवडत नाही, मग सरकारने परवानगी दिली तरी साखर हलत नाही. 2023-24 च्या हंगामात केंद्राने निर्यातीला परवानगीच दिली नाही. पुढच्या हंगामात 10 लाख टनांची दिली. या भावावर सगळ्यात मोठा हात ब्राझीलचा. तिथले बरेच कारखाने त्याच उसापासून साखर करायची की इथेनॉल, हे तेलाचा भाव पाहून ठरवतात. कच्चं तेल महागलं की तिथला ऊस इथेनॉलकडे वळतो, साखरेचा पुरवठा घटतो आणि भाव चढतो. चिकोडीच्या शेतकऱ्याचं बिल पश्चिम आशियातल्या तेलाशी असं जोडलेलं आहे. ही साखळी वहीत बाण काढून लिहा आणि प्रत्येक बाणाखाली ‘का’ लिहा. ज्या बाणाखाली ‘का’ लिहिता येत नाही, तिथे तुमचा धडा कच्चा आहे.

तिसरी पायरी: महागाई

ग्राहक किंमत निर्देशांक राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दर महिन्याच्या 12 तारखेच्या आसपास जाहीर करतं. त्यात राज्यनिहाय आकडेही असतात. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही दर महिन्याला एकाच पानावर लिहा. पत्र सूचना कार्यालयाची पत्रकं मराठीतही मिळतात, त्यामुळे भाषेची अडचण नाही.

मुख्य घोळ निर्देशांक आणि महागाईचा दर यांतला. समजा तीन वर्षांचा निर्देशांक 100, 110 आणि 112 आहे. दुसऱ्या वर्षी दर 10 टक्के, तिसऱ्या वर्षी 1.8 टक्के. दर कोसळला, पण भाव एक पैसाही उतरला नाही. ‘महागाई कमी झाली म्हणजे स्वस्ताई आली’ असं लिहिणाऱ्याचे गुण इथेच जातात. ऑक्टोबर 2025 मध्ये देशातला किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्क्यावर आला, त्या मालिकेतला सगळ्यात कमी. आदल्या वर्षी त्याच महिन्यात भाजीपाला फार महाग होता, त्यामुळे तुलनेचा पायाच उंच होता. याला पायाचा परिणाम म्हणतात.

2012 पायाच्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार 45.86 टक्के होता. म्हणून कांदा-टोमॅटो उतरले की सगळा दर खाली जातो, पण शाळेची फी आणि दवाखाना चढतच असतो. पायाचं वर्ष बदललं की भारही बदलतात. जुन्या मालिकेचा आकडा नव्या मालिकेला जोडून आलेख काढू नका. घाऊक किंमत निर्देशांक वेगळा, त्यात सेवा येतच नाहीत. दोन्हींची सरमिसळ नको.

रिझर्व्ह बँकेला 2016 पासून 4 टक्क्यांचं लक्ष्य आहे, दोन्ही बाजूंना 2 टक्केबिंदूंची मुभा. सलग तीन तिमाही दर या पट्ट्याबाहेर राहिला तर बँकेने सरकारला लेखी कारणं द्यायची असतात. 2022 मध्ये ती वेळ आली. व्याजदर ठरवणाऱ्या समितीत सहा सदस्य असतात. बैठकीनंतर निवेदन येतं, आणि काही दिवसांनी प्रत्येक सदस्याचं मतही प्रसिद्ध होतं. ते वाचा. एकाच आकड्यावरून दोन जाणकार वेगळं मत कसं देतात, हे त्यातून शिकायला मिळतं. कोणतंही पाठ्यपुस्तक हे दाखवत नाही.

चौथी पायरी: काम, आणि उत्पन्न कोणाच्या खात्यात

बेरोजगारीचा दर लोकसंख्येवर काढत नाहीत, श्रमशक्तीवर काढतात. एका गावात 15 वर्षांवरची 1,000 माणसं आहेत. 560 काम करतात, 40 काम शोधतात, 400 जण काम करतही नाहीत आणि शोधतही नाहीत. दर 4 टक्के नाही. 600 पैकी 40, म्हणजे 6.67 टक्के. काम शोधणाऱ्यांपैकी 20 जण कंटाळून शोधायचं थांबले तर दर 3.45 वर येतो आणि गावात कोणालाही नवं काम मिळालेलं नसतं. म्हणून बेरोजगारीच्या दरासोबत श्रमशक्तीतल्या सहभागाचा दर लिहिल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

निपाणीत घरात बसून विड्या वळणारी बाई यात कुठे येते? आवर्ती श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या ‘नेहमीच्या स्थिती’त दुय्यम काम वर्षात 30 दिवस केलं तरी माणूस कामावर धरला जातो. ‘चालू साप्ताहिक स्थिती’त आठवड्यात एका दिवशी एक तास केलं तरी. म्हणजे ती बाई ‘रोजगारात’ मोजली जाते, पण पानं कमी मिळाली म्हणून तिची मजुरी अर्धी झाली तर या दरात ते दिसत नाही. 2023-24 मध्ये नेहमीच्या स्थितीनुसार देशातला बेरोजगारीचा दर 3.2 टक्के आणि 15 वर्षांवरच्या स्त्रियांचा सहभाग 41.7 टक्के होता. या दोन आकड्यांवर प्रश्न आला तर कामाची प्रत आणि मजुरी हा मुद्दा नक्की घाला.

आता खानापूरचं उदाहरण. तालुक्यातले अनेक तरुण गोव्यात कामाला आहेत. त्यांनी केलेलं काम गोव्याच्या राज्य उत्पन्नात मोजलं जातं, पण घरी पाठवलेले पैसे खानापूरच्या दुकानात खर्च होतात. उलट महाराष्ट्रातल्या चंदगडहून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या कामगाराचं उत्पादन बेळगाव जिल्ह्याच्या खात्यात पडतं. देशांतर्गत उत्पादन आणि राष्ट्रीय उत्पन्न यांतला फरक हाच आहे. देशाच्या पातळीवर तो आखाती देशांतल्या केरळी माणसावरून शिकवतात, आपल्याकडे गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ल्याच्या घाटावरून कळतो. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न पाहून ‘लोकांची कमाई एवढी’ असं लिहू नका. तो जिल्ह्यातल्या उत्पादनाचा आकडा आहे.

पाचवी पायरी: व्यापार आणि आयात शुल्क

उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फौंड्र्या, हत्तरगीचं विमानाच्या सुट्या भागांचं विशेष आर्थिक क्षेत्र, यांमुळे हा विषय बेळगावकरांना परका नाही. अमेरिकेने भारतीय मालावर 7 ऑगस्ट 2025 पासून 25 टक्के आणि 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के शुल्क लावलं. पोलाद आणि अॅल्युमिनियमवर त्याआधीच, जून 2025 पासून, वेगळ्या कायद्याखाली 50 टक्के होतं. हे दर वरचेवर बदलतात, म्हणून वहीत तारखेशिवाय लिहूच नका.

शुल्क कोण भरतं, यावर अर्धा वर्ग चुकतो. ते आयातदार भरतो, आपला निर्यातदार भरत नाही. 10 डॉलरचं कास्टिंग 50 टक्के शुल्काने तिकडे 15 ला पडतं. मग खरेदीदार म्हणतो, भाव उतरवा. इकडच्या कारखानदाराने 8 केले तर तिकडे 12 पडतात. शुल्काचा भार कोणाच्या खांद्यावर किती, हे दोघांपैकी कोणाला दुसरा पर्याय सहज मिळतो यावर ठरतं. लवचिकतेचा धडा इथे लावा. रुपया घसरला की निर्यातदाराला फायदा, हेही अर्धंच. कोक आणि स्क्रॅप आयात होत असेल तर खर्चही चढतो.

युरोपचा प्रश्न वेगळा आहे. तिथल्या सीबॅम या व्यवस्थेत लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत, वीज आणि हायड्रोजन यांच्या आयातीवर उत्पादनातल्या कार्बनचा हिशेब द्यावा लागतो. ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती द्यायची होती, जानेवारी 2026 पासून पैशाची जबाबदारी सुरू झाली. प्रत्येक ओतीव भाग त्यात येतोच असं नाही, एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, पाहावा लागतो. विकसनशील देश याला आडवळणाचा व्यापार अडसर का म्हणतात आणि युरोप त्याचं समर्थन कसं करतो, दोन्ही बाजू चार-चार ओळींत लिहून ठेवा. परीक्षेत हमखास उपयोगी पडतं.

सहावी पायरी: विकास मोजणं

मानव विकास निर्देशांक एकदा हाताने काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. नॅचरल लॉगचं बटण असलेला कॅल्क्युलेटर हवा. संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या अहवालात भारत 193 देशांत 130 वा होता, निर्देशांक 0.685, आकडे 2023 चे: आयुर्मान 72 वर्षं, अपेक्षित शालेय वर्षं 13, सरासरी शालेय वर्षं 6.9, दरडोई उत्पन्न क्रयशक्तीच्या हिशेबाने (देशादेशांतल्या भावांचा फरक धरून) सुमारे 9,047 डॉलर.

प्रत्येक घटकाला तळ आणि कमाल ठरलेली आहे: आयुर्मान 20 ते 85, अपेक्षित शालेय वर्षं 0 ते 18, सरासरी 0 ते 15, उत्पन्न 100 ते 75,000 डॉलर. आरोग्य: 72 वजा 20, भागिले 65, म्हणजे 0.800. शिक्षण: 13 भागिले 18 म्हणजे 0.722, 6.9 भागिले 15 म्हणजे 0.460, दोन्हींची सरासरी 0.591. उत्पन्न: 9,047 ला 100 ने भागून त्याचा लॉग 4.505, त्याला 750 च्या लॉगने, म्हणजे 6.620 ने भागा, 0.681 येतात. तिन्हींचा गुणाकार साधारण 0.322, त्याचं घनमूळ 0.685. बेरीज करून तीनने भागलं तर उत्तर चुकतं. 2010 पासून गुणोत्तर मध्य वापरतात, कारण एका बाजूची कमतरता दुसरीने झाकली जाऊ नये.

आता खेळून बघा. उत्पन्न 20 टक्क्यांनी वाढवलं, बाकी तसंच ठेवलं, तर निर्देशांक 0.694 होतो. उत्पन्न आहे तेवढंच ठेवून सरासरी शालेय वर्षं 6.9 वरून 9 केली, तर 0.711. 0.700 च्या वर ‘उच्च मानव विकास’ गट सुरू होतो. भारताचं घोडं कुठे अडलंय ते या दोन गणितांतून स्पष्ट दिसतं. पाचवी-सातवीनंतर शाळा सुटलेल्या पिढीचा भार त्या 6.9 मध्ये आहे.

जागतिक बँक देशांचे चार गट दरडोई राष्ट्रीय उत्पन्नावर करते, आणि हद्दी दर 1 जुलैला बदलतात. जुलै 2025 पासूनच्या वर्षासाठी 1,136 ते 4,495 डॉलर हा निम्न-मध्यम गट, भारत त्यात आहे. अतिगरिबीची रेषा जून 2025 मध्ये दिवसाला 2.15 वरून 3 डॉलर झाली. हे डॉलर क्रयशक्तीचे आहेत, बँकेतल्या विनिमय दराने गुणायचे नाहीत. या रेषेने भारतातली अतिगरिबी 2011-12 मधल्या 27.1 टक्क्यांवरून 2022-23 मध्ये 5.3 टक्क्यांवर आली असं जागतिक बँक सांगते. मात्र दोन्ही वर्षांच्या खर्च सर्वेक्षणाची पद्धत सारखी नव्हती, हे वाक्य त्याच परिच्छेदात लिहा.

सातवी पायरी: सीमेच्या दोन बाजू

ही पायरी घाईत करू नका. तुलना करताना दोन्हीकडचा एकक एकच आहे का, ते आधी तपासा. कर्नाटकात गृहलक्ष्मीचे महिना 2,000 रुपये कुटुंबातल्या एका कर्त्या स्त्रीला मिळतात. महाराष्ट्रात लाडकी बहीणचे 1,500 रुपये 21 ते 65 वयाच्या पात्र स्त्रीला मिळतात, आणि एका कुटुंबात दोघींनाही मिळू शकतात. ‘निपाणीत सीमेपलीकडच्या कागलपेक्षा 500 रुपये जास्त’ हे वाक्य म्हणून चुकतं. कुटुंबाचा हिशेब मांडला तर उलटही निघू शकतो. बसचंही तसंच. शक्ती योजनेत कर्नाटकातल्या स्त्रियांना राज्याच्या हद्दीत प्रवास फुकट, महाराष्ट्रात एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट. कोल्हापूरला कामाला जाणाऱ्या निपाणीच्या बाईचा रोजचा खर्च काढायचा तर बस कुठल्या राज्याची आणि हद्द कुठे संपते, हे पाहावं लागतं. दूध घ्या: कर्नाटक सरकार सहकारी संघांना दूध घालणाऱ्यांना लिटरमागे 5 रुपये प्रोत्साहन देतं. सीमेवरचा शेतकरी दूध कोणाला घालतो, यावर हे प्रोत्साहन त्याला मिळतं की नाही ते ठरतं.

आकडेवारीत तीन खाचखळगे आहेत. पहिला, तालुक्यांच्या हद्दी. 2011 च्या जनगणनेनंतर चिकोडीतून निपाणी, अथणीतून कागवाड, गोकाकमधून मुडलगी, बैलहोंगलमधून कित्तूर वेगळे झाले. 2011 चा ‘चिकोडी’ आणि आजचा ‘चिकोडी’ एक नाही. दुसरा, नाव. काही संकेतस्थळांवर जिल्हा अजून बेलगाम या जुन्या नावाने आहे, काहींवर बेळगावी. दोन्ही शोधा. तिसरा, भाषा. राज्याच्या सांख्यिकी संचालनालयाचे अहवाल कन्नडमध्ये असतात. महागाईला हणदुब्बर, दरडोई उत्पन्नाला तलादाय, अर्थसंकल्पाला आयव्यय आणि आकडेवारीला अंकि-अंश एवढे शब्द आले तरी अर्ध्या तक्त्यांचे मथळे लागतात. कन्नड येणारा वर्गमित्र सोबत घेऊन बसलात तर एका दुपारी काम होतं.

प्रादेशिक असमतोलावर लिहिताना 2002 चा डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीचा अहवाल पाहाच, त्यात तालुकानिहाय मागासलेपण मोजलं आहे. कलम 371 (जे) खालच्या सवलती कल्याण कर्नाटकाला आहेत, बेळगाव विभागाला नाहीत. ही चूक उत्तरपत्रिकांत फार आढळते.

आठवी पायरी: स्वतःचा छोटा निर्देशांक

महिन्याच्या शेवटी हा प्रकल्प करा. दहा वस्तू निवडा: तांदूळ, जोंधळा, तूरडाळ, गोडेतेल, साखर, दूध, कांदा, बटाटा, गॅस सिलिंडर, बसचं तिकीट. घरात महिन्याला प्रत्येकीवर किती खर्च होतो ते विचारून भार ठरवा, सगळ्यांची बेरीज 100 व्हायला हवी. मग एकाच दिवशी एकाने निपाणीत आणि दुसऱ्याने कागलमध्ये भाव घ्यायचे, प्रत्येक वस्तूला तीन दुकानं, आणि तिन्हींतला मधला भाव धरायचा. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ. निपाणीच्या पहिल्या आठवड्याच्या भावाला 100 धरून पुढचा प्रत्येक भाव त्याच्या प्रमाणात काढा, भाराने गुणा, बेरीज करा आणि 100 ने भागा. कागलचे भावही निपाणीच्याच पायाला लावा. प्रत्येक गावाचा वेगळा पाया धरला तर पहिल्या आठवड्यात दोन्ही 100 येतात आणि कोणतं गाव महाग हे कळत नाही.

बिघाड बहुतेक प्रतीत होतो. एका गावी सोनामसुरी आणि दुसऱ्या गावी इंद्रायणी लिहिला की फरक राज्याचा नसून तांदळाचा असतो. गोडेतेल सुटं की पाकिटातलं, पाकीट 1 लिटरचं की 910 ग्रॅमचं, हे लिहून ठेवा. बाजारच्या दिवशी सकाळचा आणि संध्याकाळचा कांदा एका भावाने जात नाही. सीमेपलीकडून येणारा माल दोन्हीकडे त्याच घाऊक व्यापाऱ्याचा असेल तर भाव जवळजवळ सारखेच येतील, आणि तोही एक निष्कर्ष आहे. फरक मिळाला नाही म्हणून आकडे ओढूनताणून बदलू नका. गॅस आणि बस मात्र वेगळ्या रांगेत मांडा, कारण तिथे भाव बाजार ठरवत नाही, सरकार किंवा सरकारी कंपनी ठरवते.

प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर कच्चे आकडे जसेच्या तसे जोडा: दुकानाचा प्रकार, दिनांक, वेळ, प्रत आणि भाव. दुकानदाराचं नाव लिहायचं नाही. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा भारांवर येतो, तेव्हा ते कोणत्या घराच्या खर्चावरून घेतले, आणि ते घर शेतमजुराचं होतं की नोकरदाराचं, हे सांगता आलं पाहिजे.